डोझरचा गिअर उशिरा पडतो, झटका मारतो किंवा पडतच नाही: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासावं

तक्रारी साधारण अशा येतात:

- लिव्हर टाकला, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग मशीन एकदम झटक्याने निघतं.
- सकाळी छान चालतं. जेवणाच्या सुट्टीनंतर तेल तापलं की लोडवर बसतं. इंजिन रेस घेतं, चेन जागची हलत नाही.
- याच्या उलट: सकाळी हलायलाच तयार नाही, वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं की सुरळीत.
- पुढे जातं, मागे येत नाही.
- एकच गिअर मेलेला. पहिला चांगला, तिसरा चांगला, दुसऱ्यात नुसता आवाज.
- न्यूट्रलमध्ये ठेवलं तरी हळूहळू सरकतं.
- सगळेच गिअर पडतात, पण कशातच दम नाही.
- गिअर टाकला की मशीन एका अंगाला ओढतं.

यातली शेवटची तक्रार आधी बाजूला काढू. मशीन एका बाजूला वळत असेल तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा नसतो. त्या बाजूचा स्टीअरिंग क्लच (त्या चेनला जाणारी ताकद तोडणारा क्लच), ब्रेक नाहीतर चेन बघा. गिअरबॉक्स दोन्ही चेनना एकच ताकद देतो, डाव्या-उजव्यात भेद करत नाही.

खालचं सगळं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स (मुख्य क्लच न दाबता, तेलाच्या दाबाने गिअर पडतो असा) असलेल्या जुन्या डोझरबद्दल आणि क्रॉलर लोडरबद्दल आहे. पायाने किंवा हाताने मुख्य क्लच दाबून गिअर टाकायच्या त्याहून जुन्या मशीनबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय. पोकलेनवाल्यांना याचा उपयोग नाही. तिथे चेन हायड्रॉलिक मोटरवर फिरते, असा गिअरबॉक्स नसतोच.

पाना हातात घ्यायच्या आधी पुठ्ठा आणि पेन

जुन्या डोझरमध्ये साधारण तीन गिअर पुढचे आणि तीन मागचे असतात. आत मात्र सहा क्लच नसतात, पाच असतात: एक पुढे जाण्याचा, एक मागे येण्याचा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरचा एकेक. कुठलाही गिअर टाकला की यातले दोन एकाच वेळी तेलाच्या दाबाने आवळले जातात, एक दिशेचा आणि एक वेगाचा. एवढं डोक्यात बसलं की अर्धं निदान फुकटात होतं.

पुठ्ठ्यावर सहा चौकोन काढा. वरच्या ओळीत पुढचे तीन, खालच्या ओळीत मागचे तीन. तेल तापलेलं असताना मोकळ्या सपाट जागेवर ऑपरेटरला सहाही गिअर एकेक करून टाकायला सांगा आणि प्रत्येक चौकोनात लिहा: लगेच, उशिरा, घसरतो, पडत नाही. हेच थंड असतानाही करा. मशीनच्या पुढे-मागे माणूस उभा राहू देऊ नका. मुंबईतल्या देवनारसारख्या डंपिंगवर कचरा वेचणारी माणसं आणि पोरं कुठून येतील सांगता येत नाही, म्हणून ही चाचणी तिथे नकोच, मशीन कडेला मोकळ्यावर आणा.

आता पुठ्ठा वाचा. वरची अख्खी ओळ खराब आणि खालची चांगली असेल तर दोष पुढच्या दिशेच्या क्लचचा किंवा त्याला तेल देणाऱ्या वाटेचा. एकच उभा रकाना खराब, म्हणजे दुसरा गिअर पुढेही नाही आणि मागेही नाही, तर दोष दुसऱ्याच्या क्लचचा. सहाही चौकोन खराब असतील तर पाचही क्लच एका दिवशी मेले असं मानू नका. तेल, जाळी, पंप, मुख्य दाबाचा व्हॉल्व्ह, कन्व्हर्टर अशी जी जागा सगळ्यांना सामाईक आहे, तिथेच काहीतरी बिघडलंय.

मिस्त्री यार्डात आला आणि पहिलं वाक्य ‘क्लच प्लेटा गेल्या, खोलावं लागेल’ असं बोलला, तर त्याला हा पुठ्ठा दाखवा. सहाही चौकोन खराब असताना गिअरबॉक्स खोलायला निघणारा मिस्त्री तुमच्या पैशावर शिकतोय.

गिअरबॉक्सवर ओझं दुसरंच कुणी टाकतंय का?

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. पार्किंग ब्रेक किंवा ब्रेकचा लॉक पूर्ण सुटतोय का बघा. ब्रेक घासत असेल तर मशीनमध्ये दम नाही असंच वाटतं आणि तेलही तापतं. मग चेन बघा. आपल्याकडे खाडीकाठच्या, खाजणातल्या कामावर काळा चिकट चिखल स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि रोलरमध्ये भरतो आणि रात्रीत घट्ट होतो. डंपिंगवर तेच काम प्लास्टिक, साड्या आणि वायर करतात. चिखल भरला की चेन ताठ होते आणि सकाळी पहिल्यांदा गिअर टाकल्यावर मशीन हलत नाही. काम संपताना फावड्याने चिखल काढायची सवय लागली तर ‘सकाळी हलत नाही’च्या तक्रारी आपोआप कमी होतात. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा. घट्ट चेन चांगली, हा गैरसमज यार्डात फार आहे.

गिअर लिव्हरजवळचा सेफ्टी लॉकही इथेच तपासा. त्याची पट्टी वाकलेली असेल तर लिव्हर पूर्ण जागेवर जात नाही.

तेल: पातळी, रंग, वास आणि नाव

या गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नाही. क्लच आवळणारा हातही तेच आहे, कन्व्हर्टरमधून ताकद पुढे नेणारंही तेच आणि उष्णता बाहेर काढणारंही तेच. म्हणून तेलाचा दोष कुठल्याही तक्रारीचं रूप घेऊन येऊ शकतो.

पातळी बघायची पद्धत प्रत्येक मशीनची वेगळी असते. बऱ्याच पॉवरशिफ्ट मशीनमध्ये सपाट जागेवर, तेल गरम, लिव्हर न्यूट्रलमध्ये, इंजिन हळू चालू ठेवून बघतात. काहींत इंजिन बंद करून. डिपस्टिकच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या खुणाही असू शकतात. मॅन्युअल नसेल तर मशीनवरची तेलाची प्लेट पुसून वाचा. कमी तेलाने पंप हवा ओढतो हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त तेलानेही तेच होतं हे कमी जणांना माहीत असतं. फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस येतो, आणि फेस म्हणजे हवाच. हवा दाबली जाते, क्लच दाबत नाही. फेस दिसला तर आधी पातळी बघा, मग पंपाकडे येणारी लाइन.

रंग दुधाळ किंवा चहासारखा असेल तर पाणी शिरलंय. शंका असेल तर लोखंडी पट्टी तापवून दूरवरून दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. पाण्याच्या वाटा दोन. पावसाळ्यात ब्रीदर (गिअरबॉक्सचं हवा सोडायचं भोक), डिपस्टिकचं झाकण किंवा लिव्हरच्या फाटक्या रबरी आवरणातून आलेलं पाणी, ही स्वस्तातली वाट. महागातली म्हणजे ऑइल कूलर आतून फुटलेला. कूलर फुटला की इंजिन चालू असताना सहसा तेलाचा दाब जास्त असतो, म्हणून तेल रेडिएटरमध्ये जातं. इंजिन बंद करून रेडिएटर गरम असताना उलटं होतं, पाणी तेलात येतं. म्हणून गिअरच्या तेलात पाणी दिसलं की रेडिएटरचं झाकण थंड झाल्यावर उघडून वर तवंग आहे का बघायचाच. पाणी शिरलेल्या तेलावर मशीन ‘आजचा दिवस’ चालवू नका. क्लचच्या प्लेटांचं अस्तर आणि बेअरिंग दोन्ही त्यात जातात.

काळं आणि जळक्या वासाचं तेल म्हणजे क्लच घसरून तापतोय. नुसतं तेल बदलून तो बरा होत नाही, पण आत्ताच गिअरबॉक्स खोलायचीही गरज नाही. पुढे चला.

आता तेलाचं नाव. माझ्या मते जुन्या मशीनवर वारंवार येणाऱ्या तक्रारींचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच. मालक बदलतो, ऑपरेटर बदलतो, बॅरल संपतं आणि शेजारच्या पोकलेनचं ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल किंवा ट्रकचं मल्टिग्रेड इंजिन ऑइल ओतलं जातं. पॉवरशिफ्टसाठी कॅटरपिलरच्या टीओ-४ दर्जाची तेलं वेगळी बनवलेली असतात. त्यातली रसायनं क्लचच्या प्लेटांमधलं घर्षण ठरावीक राखतात. इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, आणि क्लचला घर्षणच हवं असतं. चुकीच्या तेलाने प्लेट आधी घसरते, मग तिला झिलई चढते, मग ती जळते. मुंबईच्या हवेत पारा फारसा खाली जात नसल्याने बऱ्याच मशीनना ३० ग्रेड चालतो, पण तुमच्या मशीनची प्लेट किंवा मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं. जुन्या मॅन्युअलमध्ये टीओ-४ चं नाव नसेल, कारण ते नाव नंतर आलं. तेव्हा तेलवाल्याला मशीनचं मॉडेल आणि मॅन्युअलमधला जुना दर्जा सांगून त्याला चालणारं आजचं तेल विचारा.

कुठलं तेल आहे कुणालाच सांगता येत नसेल तर ते गाळून परत ओतू नका. काढा, जाळ्या साफ करा, फिल्टर बदला आणि योग्य तेल भरा. तेल स्वस्त नाही, हे खरं. पण अनोळखी तेलावर पुढची कुठलीही तपासणी फसवी ठरते.

ब्रीदर आणि लिंकेज

ब्रीदरवर एक ओळ पुरे: काढा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा, परत लावा. तो बुजला की आतला दाब सील बाहेर ढकलतो.

लिंकेजवर मात्र वेळ द्या. लिव्हरपासून गिअरबॉक्सवरच्या कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत रॉड, बेलक्रँक (ओढ्याची दिशा बदलणारे सांधे), पिना आणि बुश असतात. वीस-तीस वर्षांत प्रत्येक पिनेत थोडा ढिलेपणा येतो आणि सगळ्यांचा मिळून व्हॉल्व्हपाशी एवढा होतो की लिव्हर दुसऱ्यावर दिसतो, आतला स्पूल (तेलाची वाट उघडणारा-मिटवणारा दांडा) मात्र दुसऱ्याच्या अलीकडेच थांबलेला. मग तेलाची वाट अर्धी उघडते आणि क्लचला अर्धाच दाब मिळतो. घसरणारा, उशिरा पडणारा आणि सुटणारा गिअर, तिन्ही तक्रारी इथून येऊ शकतात. न्यूट्रलमध्ये सरकणारं मशीनही.

तपासायचं असं. इंजिन बंद, ब्लेड जमिनीवर, चेनला ठोकळे. व्हॉल्व्हकडचा रॉड सोडवा आणि व्हॉल्व्हचा आर्म हाताने हलवा. प्रत्येक जागेवर ‘टक्’ असं बसलेलं जाणवलं पाहिजे. न्यूट्रलच्या ‘टक्’ला आर्म ठेवा, केबिनमधला लिव्हर न्यूट्रलला ठेवा आणि बघा रॉडची पिन न ओढता-ताणता आत जाते का. जात नसेल तर रॉडची लांबी जुळवा. मग तेच सगळ्या गिअरला बघा. न्यूट्रलला जुळलं आणि तिसऱ्याला जुळलं नाही, तर पिना आणि बुश झिजलेत. ते लेथवाल्याकडून करून घ्या, नुसती लांबी बदलून उपयोग नाही. रॉड जुळवून ‘गिअर ठीक झाला’ म्हणत सोडलेलं मशीन दोन महिन्यांत परत येतं. पिना-बुश बदललेलं सहसा येत नाही.

खारी हवा आपल्या पिना लवकर खाते. बंदराजवळच्या, खाडीजवळच्या मशीनना या ग्रीस पॉइंटवर पंप जास्त वेळा मारावा लागतो. आणि बघा, हे पॉइंट फ्लोअर प्लेटखाली असतात म्हणून तिथे ग्रीस बहुधा पोचलेलंच नसतं.

जाळी आणि फिल्टर: आत काय सापडतं ते वाचा

पंपाच्या आधी सक्शनची जाळी असते, बहुतेक वेळा चुंबकासकट. पंपानंतर फिल्टर. जाळी तुंबली की पंपाला तेल मिळत नाही. थंड, जाड तेलात हे जास्त जाणवतं. सकाळी न हलणारं आणि नंतर सुरळीत होणारं मशीन दिसलं की आधी इथेच बघा.

जाळी काढताना हात स्वच्छ, खाली पांढरं कापड आणि ताटली. सापडलेला गाळ धुऊन टाकू नका, वाचा. चुंबकावरची बारीक काळी-राखाडी पेस्ट नेहमीची. चुंबकाला चिकटणाऱ्या सुया किंवा पापुद्रे म्हणजे गिअर, बेअरिंग किंवा क्लचच्या लोखंडी प्लेटा. पिवळसर चमचम, चुंबकाला न चिकटणारी, म्हणजे क्लच प्लेटांचं ब्रॉन्झचं अस्तर. रुपेरी आणि तरीही चुंबकाला न चिकटणारी चमक ॲल्युमिनियमची असते, आणि ती बऱ्याचदा कन्व्हर्टरमधून येते. रबराचे तुकडे सीलचे किंवा आतून सोलत चाललेल्या होजचे.

फिल्टर कापून बघायचा तर कटरने कापा. हॅकसॉने कापलात तर त्याचाच लोखंडी भुसा आत पडतो आणि उगाच घाबरगुंडी उडते. कागदाच्या घड्या उघडून उन्हात धरा.

अनेक मशीनमध्ये गिअरबॉक्स, कन्व्हर्टर आणि स्टीअरिंग क्लच एकाच टाकीचं तेल वापरतात. तुमचं तसं असेल तर ब्रॉन्झचा चुरा स्टीअरिंग क्लचचाही असू शकतो. अशा मशीनमध्ये गिअर आणि स्टीअरिंग दोन्ही एकाच वेळी ढिले पडले, तर दोष तेल, जाळी किंवा पंपाकडेच शोधा.

लोखंडी सुया किंवा ॲल्युमिनियम ढिगाने सापडलं तर इथेच थांबा, इंजिन परत सुरू करू नका. पुढची प्रत्येक मिनिट तो चुरा कूलर, व्हॉल्व्ह आणि बाकीच्या क्लचमध्ये नेऊन टाकते.

पंप हवा ओढतोय का?

जाळी साफ, पातळी बरोबर आणि तरी फेस, किंवा पंपाचा किरकिर आवाज येत असेल तर सक्शनच्या बाजूचे जोड बघा. ही बाजू ओढते, म्हणून इथली गळती बाहेर तेल सांडून दाखवत नाही. आत हवा जाते, बाहेर सगळं कोरडं. इंजिन हळू चालू ठेवून प्रत्येक जोडावर जाड तेल किंवा ग्रीस लावा. फिरत्या भागांपासून हात आणि कपडे दूर ठेवा. एखाद्या जोडावर लावताच आवाज बदलला तर तोच जोड. ओ-रिंग कडक झालेली असते नाहीतर क्लॅम्प ढिला. मुंबईत नागदेवीच्या बाजारात मापाच्या ओ-रिंग आणि होज मिळतात. जुनी रिंग सोबत न्या, पण तिच्यावरून माप घेऊ नका, ती चपटलेली असते. माप खाचेचं घ्या. आणि तेलाला चालणारं रबर मागा.

रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा टाकलेला गिअर फार उशिरा पडत असेल आणि नंतर दिवसभर नाही, तर हवा ओढणारा जोड हा पहिला संशयित.

दाब मोजा. याशिवाय पुढे जाऊ नका

इथपर्यंतचं काम चांगला ऑपरेटर आणि हेल्पर मिळून करू शकतात. पुढचं काम गेजशिवाय करणं म्हणजे अंदाजपंचे. गेज, होज आणि अडॅप्टरचा संच एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. गिअरबॉक्स एकदा उगाच खोलण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

मॅन्युअलमध्ये दाब मोजायच्या जागा दाखवलेल्या असतात: मुख्य दाब, कन्व्हर्टरच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा दाब, वंगणाचा दाब, काहींत प्रत्येक क्लचचा. पॉवरशिफ्टमध्ये मुख्य दाब बऱ्याचदा २० ते ३० किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) टप्प्यात असतो, म्हणून ० ते ४० किंवा ० ते ६० किलोचा गेज बरा. जुनी पुस्तकं पीएसआयमध्ये असतील तर १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. पण बरोबर आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातलाच. शेजारच्या मशीनचा आकडा धरू नका.

तेल कामाच्या तापमानाला आल्यावर मोजा. थंड तेलात झिजलेला पंपही छान दाब दाखवतो. इंजिन हळू आणि जोरात, दोन्ही वेळा, न्यूट्रलमध्ये आणि प्रत्येक गिअरमध्ये मोजून त्याच पुठ्ठ्यावर लिहा.

वाचायचं असं. सगळीकडे कमी आणि तापल्यावर आणखी कमी: पंप झिजलाय किंवा मुख्य व्हॉल्व्ह अडकलाय. न्यूट्रलमध्ये बरोबर आणि एकाच गिअरला पडतो: त्या क्लचचं तेल आत गळतंय, पिस्टनची सील नाहीतर फिरत्या शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा. दाब सगळीकडे बरोबर आणि तरी एक गिअर घसरतो: तेल पोचतंय, प्लेटाच संपल्यात. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण क्लच खरंच गेल्याचा हाच सरळ पुरावा आहे. दाब बरोबर, कुठलाच गिअर घसरत नाही पण दम नाही, तर कन्व्हर्टर किंवा खुद्द इंजिन. इंजिनाचा एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघितल्याशिवाय कन्व्हर्टरला नावं ठेवू नका.

गिअर झटक्याने पडतो पण दाब बरोबर आहे, अशी तक्रार असेल तर क्लचवर दाब हळूहळू चढवणारा मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह बघायला हवा. तो अडकला, त्याची स्प्रिंग तुटली किंवा बारीक भोक बुजलं की पूर्ण दाब एकदम बसतो. ऑपरेटरला मजा वाटते, गाडी ‘जोरात’ पडते म्हणून. गिअर आणि युनिव्हर्सल जॉइंटला वाटत नाही.

एक विनंती आहे. दाब कमी दिसला की मुख्य व्हॉल्व्हखाली वायसर घालून तो वाढवायची युक्ती यार्डायार्डांत चालते. गळती तशीच राहते, झिजलेल्या पंपावर ताण वाढतो आणि ज्या क्लचची सील शाबूत होती तीही जाते. त्या वायसरमुळे पुढच्या मिस्त्रीचं निदानही चुकतं. शिम्स (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) मॅन्युअलप्रमाणेच.

कंट्रोल व्हॉल्व्ह काढणार असाल तर

काही मशीनमध्ये हा व्हॉल्व्ह फ्लोअर प्लेट काढली की वरून काढता येतो. अनुभवी माणूस सोबत असेल तर करा. आधी सगळीकडे पाण्याचा जेट मारा, सुकवा, मगच उघडा. देवनारची धूळ एक चिमूट आत गेली तरी स्पूल परत अडकेल. प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंगा वेगवेगळ्या ताकदीच्या पण सारख्या दिसणाऱ्या असतात, त्या अदलाबदल झाल्या तर आजार नवा सुरू होतो. स्पूल स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून आपल्या भोकात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकत असेल तर पॉलिश पेपर घासू नका. कॉटन वेस्टने पुसू नका, धागे भोकात अडकतात. बोल्ट टॉर्क पान्याने, क्रमाने आवळा. एका कोपऱ्यात जास्त आवळलं की बॉडी वाकते आणि साफ केलेला स्पूल पुन्हा जाम.

मुख्य क्लचवाल्या जुन्या मशीनसाठी

गिअर टाकताना करकर होत असेल तर आधी मुख्य क्लचचं अडजस्टमेंट, मग इनर्शिया ब्रेक. क्लच सोडवल्यावर शाफ्टचं फिरणं थांबवणं हे त्या छोट्या ब्रेकचं काम. त्याचं अस्तर झिजलं की शाफ्ट फिरतच राहतो आणि दात आपटतात. बरेचजण यालाच ‘गिअर गेला’ म्हणतात. गिअर सुटत असेल तर इंटरलॉकची पट्टी आणि गिअर जागेवर धरणारी डिटेंटची गोळी-स्प्रिंग बघा. दात गोल झाले असतील तर मात्र वर्कशॉप.

इथे थांबा

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन आरपीएम बघणं, स्वतः करू नका. ब्रेक जुने असतील तर मशीन उडी घेतं, आणि तेलाचं तापमान काही सेकंदांत लाल पट्ट्यात जातं. ती माहितगाराने, मोकळ्या जागेत, मॅन्युअलच्या सेकंदांत करायची गोष्ट आहे.

जाळीत लोखंड किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे, तेलात कूलरचं पाणी, गेजवर एका क्लचचा पडलेला दाब, किंवा दाब बरोबर असून घसरणारा क्लच, यातलं काहीही दिसलं की तुमचं काम संपलं. गिअरबॉक्स काढायला क्रेन, ओढकाम आणि स्वच्छ शेड लागतं. पावसात ताडपत्रीखाली तो उघडणं म्हणजे दुसऱ्यांदा उघडण्याची तयारी. वर्कशॉपवाल्याला तेलाचा नमुना, जाळीतला गाळ पुडीत बांधून आणि तो पुठ्ठा द्या. आणि विचारा: ऑइल कूलर आणि पाइप धुणार का? जुन्या क्लचचा चुरा कूलरमध्ये राहिला तर नव्या प्लेटा त्याच चुऱ्यावर चालतात, आणि सहा महिन्यांत तीच तक्रार घेऊन तुम्ही परत तिथेच.

बंद पडलेलं मशीन दुसऱ्या डोझरने ओढत लोबेडपर्यंत (मशीन वाहून नेणाऱ्या ट्रेलरपर्यंत) नेऊ नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंपही बंद असतो. चेन फिरतात तशी आतली काही चाकं फिरतात आणि त्यांना तेल मिळत नाही. चिखलातून बाहेर काढण्यापुरतं थोडं ओढायचं असेल तर अगदी हळू, आणि त्याहून लांब न्यायचं असेल तर मॅन्युअलप्रमाणे फायनल ड्राइव्हकडचा (चेनच्या चाकाआधीच्या शेवटच्या गिअरकडचा) जोड सोडवून. तो सोडवला की मशीनला ब्रेकही उरत नाहीत, म्हणून उतारावर आधी ठोकळे लावा.